हौदातले सोनेरी मासे थंडीत घरात आणावेत काय?

मार्गशीर्ष निम्मा सरला की आमच्या उमापुरात थंडी खरी जाणवू लागते. गेवराई तालुक्याचा हा भाग उघडा. मोकळ्या काळ्या रानांवरून येणारा वारा पहाटे कानाला झोंबतो. हरभरा फुलावर असतो, ज्वारी पोटरीत असते, आणि घरोघरी मुक्या जिवांची सोय सुरू होते. वासराच्या पाठीवर गोणपाटाची झूल येते, कोंबड्यांच्या खुराड्याला बारदान लागते, शेळीच्या करडांना चुलीजवळ जागा मिळते. सगळ्यांची काळजी घेणाऱ्या घरात एखादे लहान मूल विचारतेच, ‘‘आणि हौदातल्या माशांचं काय?’’

प्रश्न पोरकट नाही. हल्ली खेड्यातही पुष्कळ घरी परसातल्या हौदात चार-दोन सोनेरी मासे दिसतात. तालुक्याच्या गावी गेलेले कोणीतरी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ते मुलांसाठी आणते. दिवाळीपर्यंत ते मजेत असतात. थंडी पडली की ते तळाशी जाऊन बसतात, खाणे कमी करतात, आणि घरच्यांना वाटते, मासे गारठले. मग जे होते ते आमच्या घरी दोन वर्षांपूर्वी झाले. ते आधी सांगतो, कारण त्यातली एकूण एक चूक टाळता येण्यासारखी होती.

आमची नात तेव्हा चौथीत होती. तिचे पाच मासे परसातल्या सिमेंटच्या हौदात होते. तिने मोबाइलवर कुठेतरी पाहिले की थंडी आली की तळ्यातले सोनेरी मासे घरात घ्यायचे असतात. तिने आजीला गळ घातली. रात्री जेवणे झाल्यावर दोघींनी पिठाच्या चाळणीने मासे धरले. तांब्याच्या घंगाळात नळाचे ताजे पाणी भरले, त्यात मासे सोडले आणि ऊब मिळावी म्हणून घंगाळ चुलीच्या अंगाला ठेवले. वरून फडके झाकले. सकाळी फडके काढले तर तीन मासे उताणे तरंगत होते. दोन वर येऊन तोंड उघडझाप करीत होते. ते दोन मी तसेच हौदात नेऊन सोडले. पोरीने त्या दिवशी जेवण केले नाही. ‘‘आबा, मी तर त्यांना ऊब दिली होती,’’ एवढेच ती म्हणत राहिली.

मायेत कमी नव्हती. माहिती कमी होती, आणि ती घरातल्या आम्हा मोठ्या माणसांचीच कमी होती.

थंडी त्यांची वैरीण नव्हे

सोनेरी मासा हा मूळचा चीनचा. तिथल्या साध्या, मातकट रंगाच्या माशांत अधूनमधून पिवळट-लाल पिल्ले निपजत. ती निवडून, जपून, पिढ्यान् पिढ्या वाढवून सुमारे हजार वर्षांपूर्वी चिनी लोकांनी ही जात तयार केली. आपण जसे चांगले कणीस बियाण्याला बाजूला काढतो तसाच हा प्रकार. तिथून हा मासा जपानात गेला आणि सतराव्या शतकात युरोपात पोहोचला. कुळाने तो कार्प माशांपैकी. आपल्याकडच्या शेततळ्यात सोडले जाणारे कटला, रोहू, मृगळ आणि सायप्रिनस हे त्याचे भाऊबंदच म्हणायचे.

माशाचे रक्त आपल्यासारखे कायम गरम नसते. पाणी जेवढे गार, तेवढे त्याचे अंग गार. आपल्याला थंडीत शेकोटी लागते, कारण आपल्या अंगाची ऊब टिकवावी लागते. माशाला ती टिकवायचीच नसते. पाणी गार झाले की तो हालचाल कमी करतो, खाणे कमी करतो आणि तळाशी स्वस्थ राहतो. हा आजार नव्हे, ही त्याची विश्रांती आहे. ज्या देशांत तळी वरून गोठतात तिथेही, तळे पुरेसे खोल असेल तर, बर्फाखाली चार अंशांच्या पाण्यात सोनेरी मासे हिवाळा काढतात.

मग घरात आणण्याचा सल्ला खोटा का? खोटा नव्हे, तो तिकडचा आहे. जिथे उथळ तळे तळापर्यंत गोठते, किंवा बर्फाचे झाकण बसून पाण्याला हवा मिळत नाही, तिथे मासे घरात घ्यावेच लागतात. आमच्याकडे कडाक्याच्या थंडीत पहाटेचा पारा दहाच्या आसपास उतरतो, आणि तो हवेचा पारा. हौदाचे पाणी त्याहून उबदार असते. दुसऱ्या मुलखाची पेरणीची तारीख पाहून कोणी आपल्या रानात तिफण धरीत नाही. माशांच्या बाबतीत आम्ही नेमके तेच केले.

पाणी हवेपेक्षा सावकाश तापते आणि सावकाश निवते, हे रात्रपाळीने गव्हाला पाणी देणाऱ्याला सांगायला नको. बाहेर हात कापतात आणि विहिरीच्या पाण्यात पाय घातला की ते कोमट लागते. जमिनीत पुरलेल्या, दीड-दोन हात खोल हौदालाही मातीची अशीच ऊब मिळते. फिकीर करायची ती जमिनीवर ठेवलेल्या पत्र्याच्या टाकीची, प्लॅस्टिकच्या टबाची आणि वीतभर पाण्याच्या कुंडीची. ती रात्रीतून निवतात आणि दुपारी तापतात.

मग मेले कशाने?

पहिले कारण, अचानक बदल. गार हौदातून मासे एकदम निराळ्या पाण्यात पडले, आणि ते पाणी चुलीच्या आचेने रात्रभर आणखी तापत राहिले. पाच-सहा अंशांचा फरक माणसाला काहीच वाटत नाही. माशाला तो सोसत नाही. तोच फरक दोन-चार दिवसांत सावकाश झाला तर तो सहज निभावून नेतो.

दुसरे कारण, नळाचे पाणी. ते सोडण्याआधी त्यात टीसीएल पावडर टाकतात. माणसांच्या आरोग्यासाठी ती टाकलीच पाहिजे. पण तिच्यातला क्लोरिन माशाचे नाजूक कल्ले भाजून काढतो. असे पाणी पसरट भांड्यात उघड्यावर एक-दोन दिवस ठेवले की साधारणपणे तो उडून जातो. मगच ते माशांना द्यावे.

तिसरे कारण, तांब्याचे घंगाळ. तांब्याच्या घागरीतले पाणी आपण आरोग्याला चांगले मानतो, परंतु पाण्यात उतरणारे थोडे तांबेही माशाला विषासारखे असते. पितळेतही तांबे असतेच. म्हणून तांबे-पितळेची भांडी या कामाला वर्ज्य समजावीत.

चौथे कारण, हवा. मासा पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूवर जगतो. दहा अंशांच्या एक लिटर पाण्यात सुमारे अकरा मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर तीस अंशांच्या पाण्यात जेमतेम साडेसात. म्हणजे पाणी तापवले की त्यातला श्वास कमी होतो, आणि गरम पाण्यात माशाला श्वास लागतो मात्र जास्त. वर पाच मासे एका घंगाळात, आणि त्यावर फडके. ऊब द्यायला गेलो आणि श्वास काढून घेतला.

चौघांपैकी कोणत्या कारणाने कोणता मासा गेला हे सांगता येणार नाही. चारही एका रात्रीत एकत्र आली, एवढे खरे.

हौदातच करावयाची सोय

आमच्या भागात बहुतेक घरी मासे हौदातच ठेवणे उत्तम. तेवढ्यासाठी पुढील गोष्टी कराव्यात.

पाणी निदान दीड हात खोल ठेवावे. थंडीत हौद अर्धा रिकामा राहू देऊ नये. जितके पाणी जास्त, तितके ते सावकाश निवते. तळाशी फुटके मडके आडवे टाकले तर माशांना आडोसा होतो.

रात्री हौदाच्या अर्ध्या-पाऊण भागावर तुराट्यांची किंवा पळाट्यांची ताटी ठेवावी. सगळा हौद झाकू नये आणि वरून प्लॅस्टिकचा कागद घट्ट बांधू नये. सकाळी ऊन आले की ताटी बाजूला करावी. या ताटीने खंड्या, बगळा आणि मांजर यांच्यापासूनही राखण होते. थंडीत मासे मंद असतात, पळत नाहीत. गारठ्याने मेले असे आपण ज्यांना समजतो, त्यांतले काही मांजराने नेलेले असतात. झाकणासाठी युरियाची किंवा औषधाची रिकामी गोणी कधीही वापरू नये.

खाणे कमी करावे. थंडीतले पुष्कळ मासे उपासाने नव्हे, लाडाने मरतात. या माशाला आपल्यासारखे जठर नसते. खाल्लेले सरळ आतड्यात जाते, आणि गार पाण्यात पचन मंदावते. उरलेले अन्न तळाशी कुजते आणि पाणी नासवते. म्हणून ऊन चढल्यावर, दुपारी एकदाच, दोन-तीन मिनिटांत संपेल एवढे चिमूटभर खाद्य द्यावे. ज्या दिवशी मासे वर येतच नाहीत त्या दिवशी देऊ नये. पोळीचे तुकडे, शेव, चिवडा मुळीच टाकू नये. मुलांना हे नीट समजावून सांगावे, नाहीतर प्रत्येक जण आपापला घास घालतो आणि हिशेब कोणाकडेच राहत नाही.

लिंबाचा, बाभळीचा पाला पाण्यात पडला तर रोज काढावा. कुजणारा पाला प्राणवायू खातो. पाणी गर्द हिरवे झाले असेल तर रात्री ते शेवाळही प्राणवायू वापरते, म्हणून पहाटे तो सर्वांत कमी असतो. पहाटे मासे वर येऊन तोंड मारताना दिसले तर ती थंडीची नव्हे, श्वासाची तक्रार आहे. अशा वेळी त्याच हौदाचे पाणी बादलीने उचलून हातभर उंचीवरून पुन्हा पुन्हा ओतावे. धारेबरोबर हवा आत जाते.

पाणी बदलताना सगळे एकदम बदलू नये. आठवड्याला पाचवा हिस्सा काढून तेवढेच नवे घालावे. विहिरीचे पाणी थंडीत हौदापेक्षा बरेच गरम असते, म्हणून मोटार लावून पाटाच्या जोराने भरू नये. बारीक धार सोडावी, तीही दुपारी, हौद जरा तापलेला असताना. बोअरच्या पाण्यात प्राणवायू फार कमी असतो. ते आधी दुसऱ्या टाकीत उंचावरून पडू द्यावे, मग हौदात घ्यावे.

आणि सर्वांत महत्त्वाचे, फवारणी. हे दिवस हरभऱ्यावरच्या घाटेअळीचे. पंप, बादली, मोजमाप, काठी यांतले काहीही हौदात विसळू नये. पायरेथ्रॉइड जातीची कीटकनाशके माशांना इतकी घातक असतात की पंपाच्या तळाशी उरलेले थोडेसे पाणीही आख्ख्या हौदाला पुरे होते. फवारणी करून आलेल्या माणसाने हातपाय हौदावर धुऊ नयेत. हा नियम केवळ माशांसाठी नाही. त्याच हौदावर गुरे पाणी पितात आणि घरातली मुले हात घालतात. मासे आधी मरतात, म्हणून निदान आपल्याला कळते तरी.

घरात आणायचेच असतील तर

काही वेळा मासे आत घ्यावेच लागतात. भांडे लहान किंवा उथळ असेल तेव्हा. मासे फारच लहान किंवा आजारी असतील तेव्हा. फुगीर पोटाच्या आणि दुहेरी शेपटीच्या नाजूक जाती असतील तेव्हा. आणि एक कारण शेतकऱ्याच्या घरचे: हौदाला चुना लावायचा असेल तेव्हा. जनावरांच्या हौदाला आतून चुना लावण्याची पद्धत चांगली आहे, पण चुन्याच्या पाण्यात मासा जगत नाही. सिमेंटच्या कोऱ्या हौदाचेही तसेच. तो दोन-तीन आठवडे वरचेवर भरून रिकामा केल्याशिवाय त्यात मासे सोडू नयेत.

आणण्याची रीत अशी.

थंडीचा कडाका पडण्याआधी आणावेत. कडाक्याच्या रात्री घाईने आणू नयेत. वेळ दुपारची असावी.

भांडे प्लॅस्टिकचा पसरट टब किंवा काचेची पेटी असावी. घागर किंवा बरणी नको, कारण अरुंद तोंडाच्या भांड्यात हवा कमी मिळते. साबणाच्या पावडरीची किंवा औषधाची बादली कितीही धुतली तरी वापरू नये. बोटभर लांबीच्या एका माशाला काही दिवसांपुरते निदान दहा-पंधरा लिटर पाणी हवे. कायम ठेवायचे तर याच्या तिप्पट-चौपट.

पाणी हौदाचेच घ्यावे. माशाला ओळखीचे पाणी आणि ओळखीची ऊब, दोन्ही त्यात मिळतात. पुढे दर दोन दिवसांनी थोडे काढून, उघड्यावर ठेवून निवळलेले पाणी घालावे.

धरताना चाळणी नको. तिने खवले निघतात. जुन्या सुती धोतराचा किंवा लुगड्याचा ओला तुकडा पाण्यात धरून मासा अलगद त्यावर घ्यावा. माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर हे त्याचे चिलखत आहे. कोरड्या हाताने तो पुसला गेला की रोग शिरतो. मच्छरदाणीचा तुकडा वापरू नये, कारण काही मच्छरदाण्या औषध लावलेल्या असतात.

टब ओसरीत किंवा माजघरात, जिथे दिवसरात्र ऊब सारखी राहते तिथे ठेवावा. चुलीजवळ नको, दारातल्या वाऱ्यात नको. ज्या खोलीत डासांची अगरबत्ती किंवा विजेवरचे औषध लावता तिथे तर नकोच नको, कारण त्यांतही पायरेथ्रॉइडच असते. तोंडावर विरळ कापड किंवा जाळी ताणून बांधावी, म्हणजे मासा उडी मारून बाहेर पडणार नाही आणि हवाही खेळेल.

अंगावर राईएवढे पांढरे ठिपके दिसले तर तो मासा वेगळा करावा. पाण्यात लिटरमागे दोन-तीन ग्रॅम खडे मीठ आधी विरघळवून, थोडे थोडे दिवसभरात घालावे. थंडीच्या चढउतारात हा रोग अनेकदा दिसतो.

परत नेताना हीच रीत उलट. संक्रांतीनंतर पहाटेचा गारठा ओसरला की मासे टबातल्या पाण्यासह पिशवीत घ्यावेत. पिशवी पाव तास हौदावर तरंगत ठेवावी. मग हौदाचे पाणी वाटी वाटीने पिशवीत घालावे, आणि शेवटी मासे आपणहून बाहेर पडू द्यावेत. नव्या सुनेला घर दाखवतात तसे हे हळूहळू करावे.

गप्पी माशांचे बियाणे

सोनेरी मासे हौसेचे झाले. गप्पी मासे मात्र उपयोगाचे. डासांच्या अळ्या खाण्यासाठी आरोग्य विभाग ते साठलेल्या पाण्यात सोडतो. डेंग्यूचा डास स्वच्छ साठवणीच्या पाण्यातच वाढतो, आणि पाण्याची टंचाई असलेल्या आमच्या भागात साठवण घरोघरी असते. हा मासा दक्षिण अमेरिकेकडच्या उबदार पाण्यातला. सोनेरी माशाला सोसणारी थंडी त्याला तितकी सोसत नाही. पत्र्याच्या टाकीत, उथळ टाक्यात थंडीने त्यांची संख्या घटू शकते.

म्हणून मार्गशीर्षातच दहा-पंधरा गप्पी वर सांगितलेल्या रीतीने आत आणून टबात ठेवावेत. माद्या जास्त, नर थोडे. मादी मोठी आणि करड्या रंगाची, नर लहान आणि रंगीत शेपटीचा. गप्पी अंडी घालत नाही, जिवंत पिल्लेच देतो. त्यामुळे फाल्गुनापर्यंत या बियाण्यातून आळीतल्या सगळ्या हौदांना पुरतील इतके मासे होतात. शाळेतल्या मुलांनी हे काम मनावर घेतले तर गावाला कोणापुढे हात पसरायला नको.

मात्र सोनेरी असो वा गप्पी, नको झालेले मासे नदी-ओढ्यात, तलावात सोडू नयेत. परके मासे तिथे माजले तर इथल्या माशांची अंडी आणि खाणे फस्त करतात. सोनेरी माशांनी ऑस्ट्रेलियातल्या नद्यांत असाच उपद्रव मांडला आहे. आपली गोदावरी आपल्या माशांसाठीच राहू द्यावी. जास्त झालेले मासे शेजारच्या घरी द्यावेत.

त्या सकाळी हौदात परत सोडलेले दोन मासे जगले. आज ते वीतभर झाले आहेत. नात आता सहावीत आहे. पहाटे उठल्यावर ती आधी हौदावर जाते, ताटी बाजूला करते आणि पाण्यात बोट बुडवून पाहते. परवा शेजारची बाई तिला म्हणाली, ‘‘अगं, एवढी थंडी पडली, मासे आत घे की.’’ ती म्हणाली, ‘‘काकू, त्यांना ऊब नको, त्यांना तेच पाणी पाहिजे.’’